वंध्यत्व, टेस्ट ट्यूब बेबी आणि आपले गैरसमज

(धाराशिव येथे दांपत्ये व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय चारचौघांत काढायचा नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. तो निघतो तो माजघरात, दबक्या आवाजात, आणि बहुतेक वेळा जिच्याविषयी बोलले जाते ती तिथे नसताना. म्हणूनच आयोजकांनी हा विषय सभागृहात, दिवसाउजेडी आणि पुरुषांच्या उपस्थितीत ठेवला, याबद्दल प्रथम त्यांचे अभिनंदन करतो. मी वैद्य नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्रात आलेला मी माणूस. परंतु तीस वर्षांच्या बातमीदारीत या जिल्ह्यातील अनेक घरांचे उंबरे ओलांडले, आणि अपत्य नसल्याच्या दुःखापेक्षा त्याविषयीच्या चुकीच्या समजुतींनीच माणसे अधिक पोळलेली पाहिली. उपचार डॉक्टरांनी करावेत. गैरसमज दूर करणे मात्र पत्रकाराच्या धर्मात बसते, असे मी मानतो.

सुरुवात नावापासूनच करू. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ या शब्दाने जेवढा घोटाळा केला, तेवढा क्वचितच एखाद्या शब्दाने केला असेल. मूल नऊ महिने काचेच्या नळीत वाढते, अशी समजूत आजही शिकल्यासवरलेल्या घरांत आढळते. वस्तुस्थिती फार साधी आहे. स्त्रीला दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन एकाऐवजी अनेक बीजे परिपक्व केली जातात. सोनोग्राफीच्या साहाय्याने, थोडी भूल देऊन, सुईने ती बीजे बाहेर घेतली जातात. प्रयोगशाळेतील एका उथळ काचेच्या बशीत त्यांचे पतीच्या शुक्रजंतूंशी मीलन घडवले जाते. तयार झालेले भ्रूण शरीराइतक्याच उष्णतेच्या पेटीत तीन ते पाच दिवस ठेवले जाते आणि मग एका बारीक, मऊ नळीने मातेच्या गर्भाशयात सोडले जाते. सुमारे दोन आठवड्यांनी रक्ततपासणी होते. काचेचा संबंध एवढाच, तीन ते पाच दिवसांचा. उरलेले नऊ महिने ते बाळ आईच्याच उदरात, आईच्याच रक्तावर वाढते. डोहाळे तेच, कळाही त्याच.

ही विद्या परदेशातून आली आणि आपण ती उसनी घेतली, हा दुसरा समज. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊन ही मुलगी जन्मली, ती जगातील पहिली. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांच्या अनेक वर्षांच्या परिश्रमांचे ते फळ होते, आणि एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यानंतर सत्तरच दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, ऐन नवरात्रात, कोलकात्यात दुसरी मुलगी जन्मली. तिचे नाव दुर्गा ठेवले गेले. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी क्रायोबायॉलॉजीतील तज्ज्ञ सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य यांच्या साहाय्याने, अगदी तुटपुंज्या साधनांवर हे साधले होते. इतकेच नव्हे, तर त्यांनी भ्रूण गोठवून ठेवून नंतर वापरले. पुढे जगभर रूढ झालेली वाट त्यांनी तेव्हाच चोखाळली होती.

आणि आपण काय केले? राज्य शासनाने समिती नेमली आणि समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. परदेशात जाऊन आपले काम मांडण्याची त्यांना परवानगी मिळाली नाही. अखेर त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत करण्यात आली. १९ जून १९८१ रोजी या शास्त्रज्ञाने आपले जीवन संपवले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा जन्मली. परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्याने झालेला तो जन्म देशातील पहिला म्हणून नोंदला गेला. पुढे मुखोपाध्याय यांची कागदपत्रे आनंदकुमारांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने तपासली आणि १९९७ साली जाहीरपणे लिहिले की, पहिलेपणाचा मान आपला नव्हे, मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या शिरावरचा मुकुट काढून दिवंगताच्या चरणी ठेवणारा असा शास्त्रज्ञ विरळा.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलतो. गांधारीच्या मांसपिंडाचे भाग तुपाच्या कुंभांत ठेवून कौरव जन्मले, ही महाभारतातील कथा आपण सारे ऐकत आलो. २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी तीच टेस्ट ट्यूब बेबीची सिद्धता म्हणून मांडली आणि देशभर टीका ओढवून घेतली. महाभारताचे थोरपण प्रयोगशाळेच्या दाखल्यावर अवलंबून नाही. ती कथा अपत्यासाठी तळमळणाऱ्या मातेची आहे आणि त्या अंगाने ती अजरामर आहे. अभिमानच बाळगायचा तर कोलकात्याच्या त्या माणसाचा बाळगू. त्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत, आणि त्याने जन्माला घातलेली कन्या पुढे वयाच्या पंचविशीत स्वतः लोकांसमोर आली.

आता ज्या समजुतीमुळे सर्वाधिक घरे जळतात तिच्याकडे वळतो. मूल नाही म्हणजे दोष बाईत. आपल्या भाषेकडेच पाहा. ‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द स्त्रीसाठी आहेत. पुरुषासाठी घरोघरी रुळलेला असा शब्दच नाही, कारण तशी शक्यताच कुणी मनात आणली नाही. प्रत्यक्षात वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत कारण पूर्णतः किंवा अंशतः पुरुषाकडे असते. शुक्रजंतूंची संख्या कमी, हालचाल मंद, मार्गात अडथळा, वृषणातील फुगलेल्या शिरा, मोठ्या वयात झालेले गालगुंड, तंबाखूचे व्यसन अशी नाना कारणे असतात. आणि याची पहिली तपासणी कोणती? वीर्यतपासणी. सुई नाही, भूल नाही, अत्यल्प खर्च. दोष आढळला तर तीन महिन्यांनी पुन्हा करावयाची, कारण शुक्रजंतू तयार होण्यास अडीच महिने लागतात. असे असताना बाईच्या चार-चार सोनोग्राफ्या, पोटातील दुर्बीण, गंडेदोरे हे सर्व आटोपते आणि पतिराज एकदाही प्रयोगशाळेची पायरी चढलेले नसतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. का? तर पौरुषाला बाध येतो म्हणून! पौरुष आणि शुक्रजंतूंची संख्या यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. धडधाकट, मिशीला पीळ देणाऱ्या पैलवानाचाही अहवाल शून्य येऊ शकतो.

आपल्या प्राचीन वैद्यांना ही समज होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टी एकत्र याव्या लागतात असे सांगून अंकुराचा दृष्टान्त दिला आहे. आपण शेतकऱ्यांची लेकरे, आपल्याला हा दृष्टान्त कळायला हवा. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवले नाही. तेव्हा शेतकऱ्यांनी काय केले? कृषी खात्याकडे बियाण्याची तक्रार केली, पंचनामे झाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. काळ्या आईला कुणी वांझ म्हटले नाही. रानात जो न्याय, तो घरात का नसावा? अर्थात दृष्टान्तालाही मर्यादा असते. आधुनिक शास्त्राने दाखवले की स्त्री केवळ क्षेत्र नव्हे, बीज तिचेही असते, आणि मुलाचा अर्धा वारसा तिच्याकडून येतो.

पुरुषाकडे दोष असला तरी बहुतेकदा वाट आहे. १९९२ साली ब्रसेल्समधील डॉक्टरांनी एकच शुक्रजंतू सूक्ष्म सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची रीत यशस्वी केली. तिला इक्सी म्हणतात. पूर्वी ज्यांना परक्याच्या बीजावाचून तरणोपाय नव्हता, असे असंख्य पुरुष आज स्वतःच्या मुलांचे बाप आहेत.

‘देवाच्या मनात असेल तेव्हा होईल’ हे वाक्यही आपल्याकडे फार ऐकू येते. तुळजापूरला नवस बोलणाऱ्या, येरमाळ्याच्या येडेश्वरीला पदर पसरणाऱ्या भगिनींच्या श्रद्धेबद्दल मला नितांत आदर आहे. नवस अवश्य बोलावा. परंतु भवानीने थांबायला सांगितले नाही. थांबायला आपण सांगतो. आणि थांबण्याची किंमत असते. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या शरीरात दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईतो तीन-चार लाख उरतात आणि साऱ्या आयुष्यात जेमतेम चार-पाचशे परिपक्व होतात. नवी बीजे तयार होत नाहीत. वयाच्या पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि गुणवत्ता झपाट्याने घसरते. म्हणून शास्त्र सांगते, एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासून घ्यावे, आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहाच महिन्यांत. आपल्याकडे काय होते? पहिली तीन वर्षे ‘होईल’ म्हणण्यात, पुढची तीन गावोगावच्या जडीबुटीवाल्यांकडे, पुढची दोन सुनेला माहेरी धाडण्यात आणि परत आणण्यात. मग डॉक्टर.

‘आता आयव्हीएफ आहे ना, वयाचे काय एवढे’ ही याच नाण्याची दुसरी बाजू. वृत्तपत्रांतूनच ती पसरली, हे माझ्या व्यवसायबंधूंना सांगितले पाहिजे. २०१९ साली आंध्रातील गुंटूर येथे सत्तरी ओलांडलेल्या महिलेला जुळे झाले, तेव्हा बातमी पहिल्या पानावर आली. बीजे दुसऱ्या तरुण स्त्रीची होती, हा तपशील मात्र कितीजणांच्या लक्षात राहिला? आज कायद्याने स्त्रीसाठी पन्नास आणि पुरुषासाठी पंचावन्न ही वयाची मर्यादा घातली आहे. यशाचे प्रमाणही वयाशीच बांधलेले आहे. ब्रिटनमधील नियामक संस्थेचे २०१९ सालचे आकडे पाहा. पस्तिशीखालील स्त्रियांत गर्भाशयात सोडलेल्या दर शंभर भ्रूणांमागे सुमारे बत्तीस बाळे जन्मली. त्रेचाळिशीपुढे हेच प्रमाण पाचाच्याही खाली होते. म्हणजे तरुणपणीसुद्धा तीनांतून दोन वेळा अपयशच. तेव्हा ‘शंभर टक्के हमी’ अशी जाहिरात दिसली तर ओळखून घ्या की शास्त्र संपले आणि दुकान सुरू झाले.

मूल नाही म्हणजे लगेच आयव्हीएफ, असेही नाही. अनेकींना नुसत्या गोळ्यांनी बीज सुटण्याची क्रिया नियमित करून दिवस राहतात. काहींना थायरॉइडचे औषध पुरते. काहींना पतीचे धुतलेले शुक्रजंतू गर्भाशयात सोडण्याचा साधा, स्वस्त उपाय लागू पडतो. आयव्हीएफ मुळात शोधले गेले ते गर्भनलिका बंद असलेल्या स्त्रियांसाठी. लुईसच्या आईचीही तीच व्यथा होती. आपल्या देशात नलिका बंद होण्याचे एक मोठे कारण म्हणजे जननमार्गाचा क्षयरोग. खोकला नाही, ताप नाही, आणि आत नळ्या बुजत जातात. क्षय म्हटला की आपण फक्त छातीकडे पाहतो. बाईच्या ओटीपोटाकडे कुणी पाहत नाही.

नलिकांचा विषय निघाला की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवल्यावाचून राहत नाही. किल्लारीबरोबर आपल्या सास्तूरच्या परिसरातही घरेच्या घरे गाडली गेली. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि एका रात्रीत लेकरे गमावलेल्या मातांचे दुःख काय असते, हे या जिल्ह्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. ‘ऑपरेशन झाले, आता संपले’ असे समजण्याचे मात्र कारण नाही. बांधलेल्या नलिका पुन्हा जोडता येतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू शासनाने अशा मातांसाठी ही शस्त्रक्रिया मोफत केली होती. जोडणे शक्य नसेल तिथे आयव्हीएफ नलिकेला वळसा घालूनच जाते. परंतु गर्भपिशवीच काढली असेल तर कोणतीही टेस्ट ट्यूब ती परत देऊ शकत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींची पाहणी २०१९ साली शासनाच्या समितीने केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. आपल्याही भूम, परंडा, वाशी, कळंबकडून कोयते घेऊन बायका जातात. पाळीच्या तक्रारीवर ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असे तरुण बाईला कुणी सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय अंगठा उठवू देऊ नका.

अशा उपचाराने झालेले मूल अशक्त किंवा पुढे स्वतः अपत्यहीन होते, हीही एक भीती. लुईस ब्राऊन २००६ साली नैसर्गिकरीत्या आई झाली. आपली हर्षा २०१६ साली आई झाली. जगात आजवर एक कोटीहून अधिक मुले या मार्गाने आली. एक सावधगिरी मात्र खरी. एकाहून अधिक भ्रूण सोडल्यास जुळी-तिळी होण्याचा संभव वाढतो, आणि जुळी बाळे लवकर, कमी वजनाची जन्मतात. ‘एकाच खर्चात दोन’ हा हिशेब बाजारात ठीक, गर्भाशयात नव्हे. इंजेक्शनांनी बीजांचा साठा लवकर संपतो, ही समजूतही खरी नाही. त्या महिन्यात जी बीजे अशीही विरून जाणार होती, तीच इंजेक्शनाने वाचवली जातात. क्वचित बीजांडकोश प्रमाणाबाहेर सुजतात, पोटात पाणी होते, श्वास लागतो. तसे झाले तर ‘आराम पडेल’ म्हणत घरी थांबू नये.

आणखी एक गोष्ट कुजबुजत विचारली जाते. ‘यात मुलगा मागता येतो का?’ नाही. मागणे हाही गुन्हा आणि देणे हाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा २००३ पासून गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही लागू आहे, आणि सहायक प्रजननाच्या २०२१ च्या कायद्यात लिंगनिवडीसाठी पाच ते दहा वर्षे कारावास आणि दहा ते पंचवीस लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्या जिल्ह्याची कुलस्वामिनी भवानी आहे, त्या जिल्ह्यात हे सांगावे लागावे याचा खेद वाटतो.

खर्चाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. एका चक्राचा खर्च लाखाच्या पुढे जातो आणि एका चक्रात साधेल याची शाश्वती नाही. सोलापूर, लातूर, पुण्याच्या फेऱ्या वेगळ्या. यासाठी एकरभर रान विकलेली कुटुंबे मला ठाऊक आहेत. गोव्याने सप्टेंबर २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केले. मराठवाड्यातील शासकीय महाविद्यालयांतही तसे व्हावे, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लेखी जायला हवी. तोवर खिशाला हात घालण्यापूर्वी काही गोष्टी विचारा. केंद्राची २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी आहे का? पहिल्या स्तराच्या केंद्राला आयव्हीएफ करता येत नाही, त्यासाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. माझ्या वयाच्या स्त्रियांत तुमच्याकडे प्रत्यक्ष बाळ घरी गेल्याचे प्रमाण किती? केवळ चाचणी सकारात्मक आल्याचे प्रमाण सांगू नका. बीज कुणाचे वापरणार? दात्याचे असेल तर दोघांची लेखी संमती कायद्याने बंधनकारक आहे. ‘दुसऱ्याचेच बीज घालतात’ या भीतीवर उपाय म्हणजे प्रत्येक कागद वाचणे आणि त्याची प्रत मागून घेणे. यश, धोके आणि खर्च समजावून सांगणे हे केंद्राचे कायदेशीर कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

व्यासपीठावर काही चिठ्ठ्या आल्या आहेत. नावे असली तरी मी वाचणार नाही.

एक भगिनी विचारतात, भ्रूण सोडल्यावर महिनाभर अंथरुणावर पडून राहावे लागते का? नाही. सक्तीच्या विश्रांतीने यश वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसले आहे. जड ओझी टाळून नेहमीची कामे करता येतात. मात्र त्या पंधरवड्यात सासूबाईंनी रोज ‘काही कळले का’ असे विचारू नये, ही सूचना माझी.

दुसरी चिठ्ठी पुरुषाच्या अक्षरातील दिसते. ‘माझा अहवाल वाईट आला आहे. घरी सगळे बायकोला बोलतात आणि ती गप्प बसते.’ बंधो, तिने गप्प बसून तुमची अब्रू राखली आहे. आज घरी गेल्यावर तो अहवाल आईसमोर ठेवा.

शेवटची चिठ्ठी : अशा बाळाच्या जन्मदाखल्यावर वेगळे काही लिहितात का? काहीही लिहीत नाहीत. कायद्याने ते त्या दांपत्याचेच अपत्य आहे आणि त्याचे सर्व हक्क इतर कोणत्याही मुलाइतकेच आहेत. बारसे, जावळ, शाळेचा दाखला, सातबाऱ्यावरचे नाव, सारे तसेच.